गेटवूड आजीची श्राव्यकथा: कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम सुरू. एमा गेटवूड या बाईवर पंचवीस मिनिटांच्या आत बसेल अशी मराठी श्राव्यकथा करायची. लिहिणार मी, वाचणार मावशी. मावशीने तरुणपणी नाटकांत कामं केलेली, आवाज अजून खणखणीत. शिवाय ती आता सदुसष्टची आहे, आणि एमाही सदुसष्टाव्या वर्षीच घरातून निघाली होती. हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "वाचायचंच आहे ना फक्त? चालायला नाही ना लावणार?"

वहीच्या पहिल्या पानावर उतरवलेलं: जन्म २५ ऑक्टोबर १८८७, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या गॅलिया काउंटीत. पंधरा भावंडं, एकेका खाटेवर चौघंचौघं झोपायची. वडील यादवी युद्धात लढलेले, एक पाय गेलेला. शाळा आठवीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी लग्न, पुढे अकरा मुलं. १९५५ मध्ये, तेवीस नातवंडांची आजी असताना, ती जॉर्जियापासून मेनपर्यंत ॲपलेशियन ट्रेल ही डोंगरांतली लांबच लांब पायवाट एकटी चालली. चौदा राज्यं, तेव्हाच्या मोजणीने सुमारे २,०५० मैल, म्हणजे ३,३०० किलोमीटर.

ॲपलेशियन की ॲपलॅचन? दक्षिणेकडचे लोक 'ॲपलॅचन' म्हणतात, उत्तरेकडे 'ॲपलेशन'च्या जवळचं काहीतरी ऐकू येतं. वाट दोन्हींकडून जाते. मराठीत 'ॲपलेशियन' रुळलेलं आहे, तेच ठेवते.

९ जानेवारी

तारखा पडताळल्या. ३ मे १९५५ ला जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून निघाली, २५ सप्टेंबरला मेनमधल्या माउंट कटाडिनवर पोचली. सगळीकडे १४६ दिवस लिहिलेलं असतं, म्हणून पेन घेऊन मोजलं: मेचे २९, जूनचे ३०, जुलै आणि ऑगस्टचे ३१-३१, सप्टेंबरचे २५. बरोबर १४६. म्हणजे रोज सरासरी साडेबावीस किलोमीटर, तेही डोंगर चढत-उतरत. (ओगलथॉर्पवरून आज वाट सुरू होत नाही. १९५८ मध्ये दक्षिण टोक स्प्रिंगर पर्वतावर नेलं. नकाशा जोडायचा झाला तर हे लक्षात ठेवायचं.)

पहिल्या खर्ड्यातली चूक सापडली. मी बेधडक लिहून गेले होते, "ही वाट चालणारी पहिली स्त्री." तसं नाही. १९५२ मध्ये मिल्ड्रेड नॉर्मन एका पुरुष साथीदाराबरोबर एकाच मोसमात ही वाट चालली होती. पुढे शांततेसाठी देशभर पायी फिरणारी 'पीस पिलग्रिम' म्हणून प्रसिद्ध झाली ती हीच. अख्खी वाट एका दमात चालल्याचं पहिल्यांदा सांगितलं अर्ल शेफरने, १९४८ मध्ये. एमाचं वाक्य असं हवं: एकटीने, एका मोसमात, टोकापासून टोकापर्यंत गेलेली पहिली स्त्री. लांबलं खरं. पण 'एकटीने' हा शब्द गाळला तर तिचं नेमकं तेवढंच जातं जे तिचं होतं.

१३ जानेवारी

आजचा अख्खा वेळ सर्वनामात गेला. ती की त्या?

मी सगळीकडे 'त्या' लिहिलं होतं. 'एमा गेटवूड यांनी झोळी खांद्यावर घेतली.' मावशीने दोन परिच्छेद मोठ्याने वाचले आणि कागद खाली ठेवला. "हे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखं वाटतंय. आपण आपल्या आजीला 'त्या आल्या' म्हणतो का?"

नाही म्हणत. पण नुसती 'ती' ठेवली की बाई लहान वाटते, विशेषतः वर्तमानपत्रवाले तिला कौतुकाने 'ग्रँडमा' म्हणतात त्या भागात. त्या कौतुकाचा मला जरा रागच आहे. म्हातारी गंमत करायला निघालीय, असा त्याचा सूर.

ठरलं: निवेदनात 'ती' आणि 'एमा'. 'गेटवूड आजी' फक्त तिथेच, जिथे दुसरं कोणीतरी तिला तसं म्हणतं. शीर्षकात मात्र 'आजी' राहू दे. तेवढा मोह मलाही आवरला नाही.

'हायकिंग'ला शब्द: गिरिभ्रमण बाद (असलं काही तिने आयुष्यात केलं नसतं), पदभ्रमंती बाद. 'चालणं' पुरे आहे. तिनेही मुलांना एवढंच सांगितलं होतं की फिरायला जातेय. कुठे आणि किती, ते नाही.

१९ जानेवारी

पिशवी शिवली.

एमाकडे पाठीवरची सॅक नव्हती, तंबू नव्हता, झोपायची पिशवीही नव्हती. डेनिमचं कापड घेऊन घरीच शिवलेली एक झोळी, तोंडाशी नाडी, आणि ती एका खांद्यावर टाकलेली. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं, चारही वेळा निर्जीव उतरलं. शेवटी जुन्या जीन्सच्या दोन टांगा उसवून जोडल्या. घरच्या शिलाई मशिनची सुई दुहेरी शिवणीवर मोडली, बाकीचं हाताने टाचलं.

आत काय भरायचं त्याची यादी तिच्या सामानावरून केली: लष्करी घोंगडी, रेनकोट, प्लास्टिकचा न्हाणीघरातला पडदा (हेच तिचं छप्पर), बॅटरी, चाकू, आयोडीन, पट्ट्या, व्हिक्स, मनुका, शेंगदाणे, दुधाची पावडर. आणि एक चांगला झगा, गावात जावं लागलंच तर घालायला. माझ्याकडे घोंगडी नव्हती, सोलापुरी चादरींच्या दोन घड्या कोंबल्या. उरलेल्या वजनासाठी पाण्याच्या बाटल्या. प्रवासी बॅगांच्या काट्यावर ७ किलो ४०० ग्रॅम भरली. तिचं ओझं सहसा वीस पौंडांच्या आत, म्हणजे ९ किलोच्या खाली असे. तेव्हा फार लबाडी नाही.

मग इमारतीचा जिना, तळमजला ते चौथा, चाळीस मिनिटं. कळलेल्या गोष्टी:

झोळीला पट्टाच नसतो, त्यामुळे एक हात कायम वर, नाडी धरून. मोकळा राहतो तो एकच. काठी घेतली की तोही गेला.

प्रत्येक पायरीला झोळी कमरेवर आपटते. वीस मिनिटांनी ओझ्याचं काही वाटेनासं होतं, त्या आपटण्याचा मात्र राग यायला लागतो.

खांदा बदलायला थांबावंच लागतं. नाडीने तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठला, रात्रीपर्यंत होता.

पायात मी चांगले जाड तळव्याचे बूट घातले होते. तिच्या पायात केड्सचे कापडी बूट होते, चपट्या रबरी तळाचे. फाटले की दुसरे घ्यायचे. कापडी बुटांचा प्रयोग उद्यावर ढकलला. (उद्या करणार नाही, हे मला आजच माहीत आहे.)

वाक्य आता असं झालंय: "झोळी तिच्या कमरेवर आपटत राहिली. जॉर्जियापासून मेनपर्यंत." एवढं बास.

२३ जानेवारी

आवाज गोळा केले. पडद्याखालच्या पावसासाठी न्हाणीघरात प्लास्टिकचा पडदा ताणून वरून झारीने पाणी सोडलं. छान आला. पावलांचा आवाज मात्र फसला. वाळक्या पानांवरची पावलं चिवड्याच्या पुडीत हात घातल्यासारखी ऐकू येतात. पावलं काढून टाकली.

२८ जानेवारी

सुरुवात बदलली. १९५५ मधल्या पहाडावरून नाही, १९५४ मधल्या फजितीपासून.

नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या ऑगस्ट १९४९ च्या अंकात या वाटेवर लेख होता. तो तिच्या हाती पडला आणि डोक्यात बसला. वाट तोवर तशी तरुण होती: कल्पना बेंटन मकायची, १९२१ सालची, पूर्ण झाली १९३७ मध्ये. लेख वाचून वाटावं, की खुणा स्पष्ट, वाट स्वच्छ, मुक्कामाला जागोजाग निवारे. १९५४ च्या उन्हाळ्यात ती उत्तर टोकाकडून, मेनमधून, निघाली. थोड्याच दिवसांत रानात वाट चुकली. चष्मा फुटला. वनरक्षकांना ती सापडली आणि त्यांनी तिला समजावलं, की बाई, घरी जा.

ती गेली. घरी कोणाला काही बोलली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून पुन्हा आली, तेव्हाही सांगितलं नाही.

त्या लेखावरचा तिचा राग पुढे पत्रकारांपुढे निघाला: निवारे पडलेले, जळलेले किंवा इतके घाण की बाहेर झोपलेलं बरं. आधी माहीत असतं तर निघालेच नसते, पण निघाल्यावर सोडायचं नव्हतं, अशा अर्थाचं बोलली. हे निवारे तीन भिंतींचे, चौथी बाजू उघडी. 'लीन-टू'ला मराठी काय करावं, असा विचार दोन दिवस चालला होता. मावशी वाचता वाचता सहज 'पडवी' म्हणून गेली. अगदी तंतोतंत नाही, पण ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढे दिसतं. पडवी.

२ फेब्रुवारी

आज भांडण झालं. भांडण म्हणजे मावशी कागद घेऊन गॅलरीत जाऊन बसली, इतपत.

मुद्दा नवऱ्याचा. पी. सी. गेटवूड तिला मारायचा. एखाद्या वेळी नाही, वर्षानुवर्षं. मार टाळायला ती घराबाहेर पळून रानात जाऊन बसायची, आणि रानात आपल्याला बरं वाटतं हे तिला तिथेच कळलं. १९३९ मध्ये एका मारहाणीनंतर पोलिसांनी उलट तिलाच धरून नेलं. गावच्या मेयरने तिचं सुजलेलं तोंड, तुटलेले दात पाहिले आणि तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मग घटस्फोट, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या काळात.

आणि १९५५ मध्ये वाटेवर भेटलेल्या पत्रकारांना तिने सांगितलं, की मी विधवा आहे. तो तेव्हा जिवंत होता.

माझं म्हणणं, हे घालायचंच. मावशीचं, घालायचं नाही. "तिने मरेपर्यंत जगापुढे झाकलं. तू कोण उघडणारी?"

मी म्हटलं, तिच्या मुलांनीच पुढे सांगितलंय, छापून आलंय, गुपित काही राहिलेलं नाही. त्यावर मावशी: "गुपित नसेल. पण तू ते कुठे घालतेयस ते बघ. पान तीन, आणि पान चारवर ती चालायला लागते. ऐकणाऱ्याला काय वाटणार? नवऱ्याने मारलं म्हणून बाई डोंगरात गेली. म्हणजे हाही पराक्रम त्याच्याच खात्यावर."

यावर मला उत्तर नव्हतं. मी खरंच तसं रचलं होतं: आधी दुःख, मग मुक्ती. गोष्ट म्हणून फार सोयीचं. पण घटस्फोट आणि ओगलथॉर्प यांच्यात दीड दशक जातं. त्या वर्षांत तिने धाकटी मुलं वाढवली, नोकऱ्या केल्या. पळणारा माणूस पंधरा वर्षं थांबून मग पळत नाही.

कागद परत मागितला. मिळेल म्हणाली, पण उद्या.

४ फेब्रुवारी

पान तीन मोडून पुन्हा लिहिलं. आता तिथे काम आहे. तंबाखूच्या शेतातलं, गुरांचं, साबण करणं, गोधड्या शिवणं, अकरा बाळंतपणं, सिमेंट कालवणं. आणि या सगळ्यातून वेळ काढून वाचणं आणि कविता करणं. हे मला अगदी उशिरा कळलं. लोक विचारतात, सदुसष्टाव्या वर्षी अंगात एवढी ताकद आली कुठून? ती आली नव्हती, गेली नव्हती एवढंच. 'साहसी' हा शब्द तिला लावताना माझा हात जरा अडखळतो तो यामुळे. शेतावरच्या चाळीस वर्षांना कोणी साहस म्हटलं नाही. तेच पाय, तेच खांदे डोंगरात दिसले तेव्हा म्हटलं.

मारहाण पान तीनवरून काढली. कुठे जाणार ते अजून ठरलेलं नाही.

११ फेब्रुवारी

पुराचा प्रसंग लिहून झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये कॉनी आणि डायान अशी दोन चक्रीवादळं एका आठवड्याच्या अंतराने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आली. ईशान्येकडच्या राज्यांत हाहाकार, दीडशेहून जास्त बळी. एमा त्याच पावसातून उत्तरेकडे चालली होती. एक फुगलेला ओढा एकटीला ओलांडवेना. नौदलातले दोन तरुण वाटेवर भेटले होते. त्यांनी तिला मध्ये घेतलं, तिघांनी दोराने एकमेकांना बांधलं आणि पाण्यात उतरले.

पहिल्या खर्ड्यात मी इथे बारा ओळी खर्च केल्या होत्या. पाण्याचा रोरावणारा लोट, बर्फासारखा गारठा वगैरे. मावशीने वाचताना आपण होऊन वेग कमी केला आणि त्या ओळी आणखी भडक झाल्या. चार ठेवल्या. 'रोरावणारा' गेला.

तोवर वर्तमानपत्रांना तिचा पत्ता लागलेला. जूनमध्ये व्हर्जिनियात पहिली बातमी आली आणि मुलांना कळलं, आई कुठे 'फिरायला' गेलीय ते. या जागी मावशी दर वेळी हसते. ते हसू ध्वनिमुद्रणात घ्यायचं का? घ्यायचं.

आणि विधवेचं वाक्य इथे बसलं. पत्रकार येतात, विचारतात, एकटी का चालतेस? कधी म्हणते मजा म्हणून, कधी म्हणते मनात आलं म्हणून. घरी कोण कोण? मी विधवा आहे. पुढे लगेच आमचं निवेदन: "नवरा जिवंत होता. तो तिला काय करायचा ते तिने पत्रकारांना सांगितलं नाही." मग मेयर, तुटलेले दात, घटस्फोट, सगळं मिळून पाच वाक्यं. आणि पुढच्या वाक्यात ती पुन्हा वाटेवर. म्हणजे जे तिने झाकलं, ते झाकण्याच्या जागीच येतं.

मावशीला पाठवलं. उत्तर: "चालेल." तिच्याकडून एवढं मिळणं बरंच आहे.

१६ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण, पहिला दिवस. कपड्यांच्या कपाटात मायक्रोफोन, दोन्ही बाजूंना गाद्या. पंखा बंद, त्यामुळे दर दहा मिनिटांनी बाहेर यावं लागत होतं. पाहिजे होती बारा पानं, झाली सात. पान पाचवर खालच्या मजल्यावर भिंतीत खिळे ठोकायला सुरुवात झाली, तासभर वाट पाहिली.

'कटाडिन' तीन वेळा 'कडाटिन' झालं. त्यावर मावशी: "डोंगर कडाडतोय म्हणून."

शिखरावरचं वाक्य राहिलंय. वर पोचल्यावर एमाने एक देशगीताचं कडवं म्हटलं, नोंदवहीत सही केली आणि म्हणाली, की करीन म्हटलं होतं, केलं. इंग्रजीत त्याचे दोन-तीन छोटे तुकडे आहेत. मराठीत मी 'मी म्हणाले होते की मी हे करून दाखवीन आणि मी ते करून दाखवलं' असं लिहिलं होतं. विजयी उमेदवाराच्या भाषणासारखं. 'दाखवीन' तर साफ चूक. दाखवायला तिथे होतं कोण? नुसतं "करीन म्हटलं होतं. केलं." मावशीने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा घ्यायला नकार दिला.

२१ फेब्रुवारी

दुसरा दिवस. शेवटची पाच पानं. लांबी २९ मिनिटं भरली, कापायला हवं.

कापायचं काय, हा प्रश्न उत्तरार्धाचा. कारण बाई थांबतच नाही. १९५७ मध्ये तीच वाट पुन्हा टोकापासून टोकापर्यंत. १९५९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून पोर्टलंडपर्यंत ऑरेगन ट्रेल, सुमारे दोन हजार मैल, तीही पायी. १९६४ मध्ये ॲपलेशियन ट्रेल तिसऱ्यांदा, या खेपेस तुकड्यातुकड्यांनी. तीनदा पूर्ण करणारी ती पहिली व्यक्ती, आणि वय शहात्तर. मध्ये टीव्हीवर मुलाखती, ग्रूचो मार्क्स या विनोदी नटाच्या कार्यक्रमातसुद्धा हजेरी.

मुलाखती कापल्या, ग्रूचो मार्क्ससकट. ऑरेगनला एक वाक्य. ठेवलं ते हे: म्हातारपणी ती ओहायोत नव्या वाटा साफ करत असे. बकाय ट्रेल नावाची वाट राज्यात आखली जात होती. आपल्या गॅलिया काउंटीतल्या भागातली झुडपं छाटायला, खुणा रंगवायला ती स्वतः जायची. हॉकिंग हिल्समध्ये दर जानेवारीत थंडीतली एक पदयात्रा निघते, तिच्यात लाल टोपी घालून पुढे चालायची. तिथल्या ओल्ड मॅन्स केव्हपासून ॲश केव्हपर्यंतच्या सहा मैलांना आता तिचं नाव आहे. ४ जून १९७३ ला गेली, पंचाऐंशीव्या वर्षी.

झुडपं छाटण्याचं शेवटी घेतलं. १९५५ मध्ये वाट वाईट ठेवलीय म्हणून जी कुरकुर करत होती, तीच कात्री घेऊन निघाली, हे मला आवडतं. मावशीला ही जागा तितकी आवडली नाही; तिच्या मते शेवट शिखरावरच हवा होता. या वेळी मी ऐकलं नाही.

२४ फेब्रुवारी

जोडणी पूर्ण. २४ मिनिटं १० सेकंद. विधवेच्या वाक्यानंतर मावशी चार सेकंद थांबली आहे. हे ठरलेलं नव्हतं, कागदावर विरामाची खूणही नव्हती. जोडताना मी दोनदा तो विराम दीड सेकंदावर आणला, दोन्ही वेळा परत होता तसा केला. त्या चार सेकंदांत तिच्या खुर्चीचा बारीक आवाज येतो. राहू दिला.

राहिलेलं: पान सहावर मैल आणि किलोमीटर एकाच वाक्यात आलेत, ते वाक्य पुन्हा घ्यायचं. नकाशात ओगलथॉर्प आणि स्प्रिंगर दोन्ही दाखवायचे. झोळीचा फोटो काढायचा, पण झोळी मावशी घेऊन गेलीय. नाडीच्या जागी तिला रुंद पट्टा शिवायचाय म्हणे.